माझ्या तोंडावरचा झेंडूचा हार

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो. लाल स्पोर्ट्स कारच्या पुढच्या तोंडात बसते. शिकलेले लोक मला इंटरकूलर म्हणतात. लोक बघतात ते लाल रंगाला. बघू देत. रंगाने गाडी पळत नाही.

माझं काम ऐका. टर्बो नावाचा पंखा हवा कोंबून कोंबून दाबतो, तेव्हा ती तव्यासारखी तापते. तापलेली हवा विरळ. तिने इंजिनाचं पोट भरत नाही. ती माझ्या नळ्यांतून जाते, बाहेरचा वारा माझ्या पत्र्याच्या पापुद्र्यांतून वाहतो, आणि पलीकडे निघते ती थंड, घट्ट हवा. दिसत नाही, मुठीत येत नाही, पण अख्खी गाडी कात्रजच्या घाटात उचलून नेते! एवढी वर्षं झाली, मला अजून नवल वाटतं.

गेल्या दसऱ्याला आमच्या मालकाने, अनिरुद्धने, मंडईतून झेंडूचा जाडजूड हार आणला आणि नेमका माझ्या तोंडावर बांधला. दसऱ्याचा हार काढायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, ही त्यांच्या घरची रीत. गळला तो माझ्यातच. पाकळ्या, दोरा, वर धूळ. मग त्याने पाण्याचा जोरदार फवारा मारला. पापुद्रे वाकून मिटले, वारा बंद झाला, गाडी घाटात धापा टाकू लागली. मोठ्या गॅरेजवाल्यांनी मला उतरवलं आणि म्हणाले, "भंगारात टाका."

भंगाराच्या वाटेवर अनिरुद्ध पद्मजाबाईंच्या दुकानी थांबला. बाई तीस वर्षं रेडिएटर दुरुस्त करतात.

"अहो बाई, गेली का हो ही?"

"गेली नाही, तुम्ही गुदमरवलीत. नाकात झेंडू कोंबून पर्वती चढून दाखवा बघू!"

"पूजेचा हार होता हो."

"देवालासुद्धा हार गळ्यात घालतात."

बाईंनी मला मांडीवर घेतलं. बारीक दातांच्या फणीने एकेक पापुद्रा सरळ केला, लेकीचे केस विंचरावेत तसा. आत साठलेलं टर्बोचं तेल धुऊन काढलं. मग माझ्या नळ्यांची दोन्ही तोंडं, हवा आत येते ते आणि बाहेर जाते ते, बंद करून आत हवा भरली आणि मला पाण्याच्या टाकीत बुडवलं.

"भोक असेल तर बुडबुडे येतील. मग भंगारच."

एक बुडबुडा आला. अनिरुद्धने मान खाली घातली.

"थांबा जरा. पापुद्र्यात अडकलेली हवा असेल. भोकातली हवा थांबत नाही."

दुसरा आला नाही. आम्ही तिघंही वाट बघत राहिलो. नाहीच आला.

बाईंनी मला वाळवून उभं धरलं. "पलीकडे हात धरा," म्हणाल्या, आणि अलीकडून हलकी फुंकर घातली. ती माझ्यातून आरपार गेली आणि अनिरुद्धच्या तळहातावर पोचली. त्यानंतर कितीतरी वेळ तो हात तसाच धरून उभा होता.

मित्रांनो, गाडीची पूजा जरूर करा. हार बॉनेटवर ठेवा, निघताना उतरवा. आणि माझ्यावर पाणी हलक्या हाताने घाला. मला फुलं नकोत. मला वारा द्या.