पळी की पाय

“काठावर टाकू नकोस गं, मैना. आत जा, खोल पाण्यात.”

सासूबाई आषाढात गेल्या, पण हा आवाज काही माझ्या कानातून जात नाही. इंदुबाई त्यांचं नाव. आठ वर्षं त्या रोज बारीक चिठ्ठ्यांवर रामनाम लिहीत आणि मी एकेक चिठ्ठी कणकेच्या गोळीत घालून वाळवत असे. माशांना खाऊ घालण्यासाठी. पण काठावरचे मासे लोक गळाने पकडतात, आणि रामनाम पोटात असलेला मासा कुणाच्या कालवणात जायला नको, ही त्यांची काळजी. “चातुर्मास संपायच्या आत सोडते,” असं मी त्यांना शेवटच्या दिवशी कबूल केलं होतं. आता चार दिवस उरले होते आणि गोळ्यांचा डबा देवघरातच होता.

नाव मात्र घरात होती. आमच्या मुलाने, शुभंकरने, मासेमारीसाठी कयाक घेतली, दोनदा गेला, एकही मासा मिळाला नाही आणि नोकरी मिळाली म्हणून हैदराबादला गेला. बिबवेवाडीच्या गच्चीवर त्या कयाकमध्ये मी यंदा कुरडया वाळवल्या. वल्हं तेवढं त्याने कुठेतरी हरवलं होतं.

म्हणून मी आणि माझे यजमान रंगराव सदाशिव पेठेत सलिलच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानी गेलो. दुकानभर गळ आणि जाळी. मी पदर सावरून आत शिरले.

“काकू, कयाक केवढी रुंद आहे?” सलिलने विचारलं.

“दोन पाट आणि चार बोटं.”

हे भिंतीकडे बघून म्हणाले, “खडकीच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं मी मिलिमीटर मोजले. घरात पाट चालतात.”

मी हातांनी पाट दाखवला. सलिलने त्यावर टेप धरली. “सत्त्याऐंशी सेंटिमीटर. रुंद आहे, शिवाय बैठक उंच. आखूड वल्हं पाण्यापर्यंत पोचणार नाही. अडीच मीटरचं घ्या.” त्याने एक काळं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं काढलं. हातात धरलं तर लाटण्याएवढं हलकं. “कोणते मासे धरणार?”

“धरणार नाही. जेवायला घालणार आहे.”

सलिलने यांच्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे बघू नका,” हे म्हणाले. “मी नुसता स्कूटर चालवत आलोय.”

सलिलने मला स्टुलावर बसवून हवेत वल्हं मारायला सांगितलं. मी मारलं.

“काकू, डावीकडूनही मारा.”

“डाव्या हाताने वाढत नाहीत.”

“मग कयाक गोल फिरेल.”

“फिरू दे. प्रदक्षिणा होईल.”

“उलटी होईल,” सलिल म्हणाला. “उजवीकडे वल्हं मारलं की नाव डावीकडे वळते.”

माझे हात हवेतच थांबले. 

“म्हणजे उजव्याने देव नाराज, डाव्याने आई,” हे म्हणाले. “अहो सलिलराव, इंजिन आहे का?”

मी आमच्या दत्तप्रसाद गुरुजींना फोन लावला. सगळं हळू आवाजात सांगितलं. गुरुजींनी एकच विचारलं.

“मैनाताई, ते वल्हं पळी आहे की पाय?”

“म्हणजे?”

“पाणी उचलून वाढत असेल तर पळी. मग डावा हात वर्ज्य. नुसतं पुढे नेत असेल तर पाय. चालताना आपण डावा पाय घरी ठेवून येत नाही.”

“ओळखायचं कसं?”

“पात्यावर पाणी थांबतं का बघा.”

सलिलने बाटलीतलं पाणी पात्यावर ओतलं. थांबलं. चांगलं आचमनापुरतं थांबलं.

“पळी,” मी म्हणाले आणि वल्हं खाली ठेवलं.

“अहो काकू, पातं खोलगटच लागतं! पाणी धरतं म्हणून तर नाव पुढे जाते. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं आहे हे.”

“म्हणूनच नको.”

पुढचा तासभर आम्ही दुकानातल्या प्रत्येक वल्ह्यावर पाणी ओतलं. फरशी ओली झाली. एक गिऱ्हाईक दारात थबकून म्हणालं, “लीक चेक करताय का?”

“नाही,” सलिल म्हणाला. “हे पळी आहे का बघतोय. तुम्ही बाहेर थांबा, पाय घसरेल.”

शेवटी माळ्यावर एक पिवळं वल्हं सापडलं. पातं पोळपाटासारखं सपाट. पाणी ओतलं तसं ते सरळ सलिलच्या चपलेवर गेलं.

“पाय!” हे आणि सलिल एकदम ओरडले.

पात्याच्या कडेला एक खाच होती. “ही कशाला?” मी विचारलं.

“गळाची दोरी कुठे अडकली तर ओढून सोडवायला.”

“सोडवायला ना? मग असू दे. आणि दांड्यावरच्या या रबरी चकत्या?”

“पाणी ओघळून मांडीवर येऊ नये म्हणून.”

म्हणजे गोळ्याही कोरड्या राहतील.

“पण काकू, ऐका,” सलिल काकुळतीला आला. “हे आम्ही नवशिक्यांना भाड्याने देतो. जड आहे. दुप्पट मेहनत पडेल, खांदे भरून येतील.”

“पायी जायचं म्हटल्यावर पाय दुखणारच,” मी म्हणाले.

चातुर्मासाच्या शेवटच्या दिवशी, उजाडता उजाडता, आम्ही पवना धरणाच्या काठावर होतो. शुभंकरचा मित्र विश्वजीत तिथे तंबूंचा कॅम्प चालवतो. त्याने माझ्या सोवळ्याच्या साडीवर नारिंगी जॅकेट चढवलं. शेजारी तिघे जण गळ टाकून बसले होते.

“मावशी, गळ विसरलात का?” त्यातला एक म्हणाला.

“त्या पकडत नाहीत,” हे म्हणाले. “पंगत वाढतात. पार मध्यावर.”

“आँ? मग मासे सगळे तिकडेच जातील की!”

“हो,” मी हळूच म्हणाले.

तो रागावेल असं वाटलं होतं. पण त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोरी गुंडाळत मला वाट करून दिली. यांनी खाली वाकून माझ्या जॅकेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला.

“वारा सुटायच्या आत ये,” एवढंच म्हणाले.

मी मान हलवली, डबा पावलांमध्ये घट्ट धरला आणि पाणी फारसं वाजणार नाही अशा बेताने काठ सोडला.