बिनआवाजाची गाडी

कुंडलिक आधी उकिडवा बसला, मग सरळ पालथा पडला आणि गाडीच्या पोटाखाली हात घालून वितीनं उंची मोजू लागला. अंगठा जमिनीला टेकला, पण वरच्या पत्र्याला लागून करंगळी वाकली. पुरती वीतसुद्धा बसली नाही.

"एकशे सत्तर मिलिमीटर आहे काका," शोरूमचा माणूस, इंद्रजित, वाकून म्हणाला. "एवढ्याशा गाडीला पुष्कळ झालं."

"मिलिमीटर तुज्यापाशी ठेव. आमच्याकडं खड्डं वितीनं मोजत्यात."

तो उठला. शर्टाला लागलेली माती त्यानं झटकली नाही. रविवारची सकाळ होती आणि भोरच्या एस.टी. डेपोमागची ती गल्ली दारादारात येऊन उभी होती. मधोमध शोरूमनं चालवून बघायला आणलेली पांढरी, आखूड, चकचकीत गाडी; तिच्यामागं कुंडलिकची सतरा वर्षांची डिझेल जीप. दोन्हींच्या मध्ये त्याची एकुलती एक लेक प्रेरणा, हातात मोबाईल घेऊन.

तेहतीस वर्षं कुंडलिकनं भोर डेपोची एस.टी. चालवली होती. वरंध्याच्या घाटातून महाडची गाडी पावसाळ्यात नेली-आणली, पण त्याच्या नावावर एक ओरखडा नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यानं ही जुनी जीप घेतली. कुणाचं वऱ्हाड असो, कुणाचा दवाखाना असो, अडलेला माणूस त्याच्या दारात यायचा आणि कुंडलिक पायात चपला सरकवायचा. आणि आठ दिवसांपूर्वी प्रेरणानं पुण्याहून फोन करून सांगितलं होतं, "अण्णा, मी हायब्रीड गाडी घेतेय. ती भोरला तुमच्याकडंच राहील. जीप आता विकून टाका." आठ दिवस त्याच्या डोक्यात ते वाक्य खदखदत होतं.

"वाच," तो म्हणाला. "मोबाईलमधी ती यादी केलीयस न्हवं? वाच. आदी वाईट काय त्ये."

प्रेरणानं वाचलं. "किंमत जास्त. तेवढ्यात मोठी डिझेल गाडी येते. डिकी लहान आहे. मागं तीन माणसं बसली की खांद्याला खांदा घासतो. बॅटरीचं काही झालं तर भोरमधला मेस्त्री हात लावणार नाही, पुण्यालाच न्यावी लागणार."

भांडायला म्हणून त्यानं आठ दिवस जे जे जमवलं होतं, ते सगळं तिनंच वाचून टाकलं. त्याचा राग आणखी चढला.

"आन ह्ये समदं ठावं आसून घ्यायची?"

"चांगलंही आहे ना. लिटरला सव्वीस-सत्तावीस जाते. चार्जिंगला लावायची भानगड नाही, उतारावर बॅटरी आपोआप भरते. आठ वर्षांची वॉरंटी आहे. आणि क्लच नाही, अण्णा. तुमचा डावा गुडघा…"

"गुडघा माजा हाय." गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो बोलला. "तू इचारायला आली न्हाईस, पोरी. सांगायला आलीस."

"विचारलं की तुम्ही ओरडता. मग विचारायचं कसं?"

दारातून त्याची बायको फुलाबाई काहीतरी म्हणाली.

"काय पुटपुटतीस? आलीकडं समद्यांनाच तोंडातल्या तोंडात बोलायची खोड लागलीया!"

"चष्मा घेतला का, म्हनलं," फुलाबाई घसा ताणून ओरडली आणि आत निघून गेली.

कुंडलिक ड्रायव्हरच्या सीटवर बसला. इंद्रजित शेजारी, प्रेरणा मागं. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायला सांगितलं, तसं त्यानं दाबलं. पुन्हा दाबलं.

"ही चालू व्हत न्हाई."

"चालू झाली होती काका, तुम्ही बंद केलीत," इंद्रजित हसत म्हणाला. "सुरुवातीला बॅटरीवर असते. आवाज येत नाही."

ते हसणं कुंडलिकला झोंबलं. तेहतीस वर्षं इंजिनावर बसलेल्या माणसाला हा कालचा पोरगा गाडी चालू कशी करायची ते शिकवत होता. त्यानं तिसऱ्यांदा बटण दाबलं, गाडी गल्लीतून बाहेर काढली आणि आंबाडखिंडीच्या रस्त्याला लावली.

"सपाटीला काय, हातगाडी बी पळती. तुजी गाडी चढावर बघतो."

गाव मागं पडलं. डावा पाय सारखा क्लच शोधत होता आणि प्रत्येक वेळी मोकळ्या जागेवर आपटत होता. इंद्रजित बोलत होता. समोरच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र, इंजिनाचं चित्र, त्यांच्यामधून धावणाऱ्या रेषा दाखवत होता. कुंडलिकला त्यातलं निम्मं समजत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. पण स्टेअरिंग एका बोटानं वळत होतं. खड्डा आला तर अंगाला हिसका बसत नव्हता. ब्रेक लावला की गाडी शिकवलेल्या बैलासारखी जागच्या जागी थांबत होती. हे सगळं त्यानं पाहिलं आणि तोंड मिटून ठेवलं.

घाट लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. ऊन चढलं होतं, रस्त्याकडेचं गवत पिवळं पडलं होतं. कुंडलिकनं पाय दाबला, तसं गाडी चढावर अंग चोरत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. जीप इथं दुसऱ्या गिअरवर रडायची. तिसऱ्या वळणाशी त्याच्या मनातली गाठ थोडी सैल झाली. काय झालं तरी स्वतःच्या कमाईची पहिली गाडी घेण्याआधी लेकीनं ती बापाच्या दारात आणून उभी केली होती. एखादं बरं बोलावं.

"एक मानलं पायजे," तो म्हणाला. "चढावर बी हूं न्हाई का चूं न्हाई. निस्ती हवेवानी चालती."



त्यानं इंद्रजितकडं पाहिलं. तो आरशातून मागं प्रेरणाकडं बघत होता. कुंडलिकनं आरशात पाहिलं, तर प्रेरणाही त्याच्याकडं बघत होती, भुवया आक्रसून.

"काय झालं?"

"काही नाही काका," इंद्रजित म्हणाला. त्याचे ओठ मोठमोठे हलत होते. तो ओरडून बोलत होता, हे कुंडलिकला आत्ता दिसलं. "म्हणजे… चढावर इंजिन जरा जास्तच ओरडतं या गाडीचं. तेवढी तक्रार सगळे करतात. मी तेच सांगणार होतो."

"कुठलं इंजिन? बॅटरीवर हाय ती."

"अण्णा," प्रेरणा पुढं झुकली. "पहिल्या वळणापासून इंजिन चालू आहे. मागं मला बोलणंसुद्धा ऐकू येईना."

कुंडलिकनं पडद्याकडं पाहिलं. इंजिनापासून चाकांपर्यंत केशरी रेष धावत होती. त्यानं तळवे स्टेअरिंगवर घट्ट दाबले, तेव्हा बारीक थरथर हाताला लागली. त्यानं रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, दार उघडून उतरला आणि पुढं जाऊन बॉनेटवर हात ठेवला.

पत्रा तापला होता. हाताखाली इंजिन धडधडत होतं. काचा बंद नव्हत्या, दार उघडं होतं, तो इंजिनाच्या तोंडाशी उभा होता. आणि त्याला फक्त आपला श्वास ऐकू येत होता, दूर कुठंतरी पाण्याखाली असल्यासारखा.

प्रेरणा त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "कधीपासून, अण्णा?"

"कदीपासून काय? नवी गाडी हाय, सवय न्हाई कानाला…"

"कधीपासून?" आता ती संतापली होती. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "फोनवर मी एक विचारते, तुम्ही भलतंच सांगता. मला वाटायचं मुद्दाम करता, माझ्यावरचा राग म्हणून. माणसं बसवून घाट चालवता तुम्ही! मला सांगायचं नाही?"

"मलाच कुनी सांगितलं न्हाई!"

तो एवढ्या जोरात ओरडला की इंद्रजित गाडीआड झाला. कुंडलिक वळला आणि चढाच्या दिशेनं चालू लागला. कुणाला तरी एक थोबाडीत द्यावी असं त्याला वाटत होतं. त्या पोराला, त्या गाडीला, पुटपुटणाऱ्या सगळ्या गावाला. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर एक टेम्पो त्याच्या कोपराला वारा घालत पुढं निघून गेला. टेम्पोवाल्यानं खिडकीतून मुंडकं बाहेर काढून मागं बघत हात नाचवला. म्हणजे त्यानं हॉर्न दिला असणार.

कुंडलिक थांबला.

तीन आठवड्यांपूर्वी भाटघरच्या वळणावर तो जीप घेऊन येत होता. एक खड्डा चुकवायला त्यानं गाडी उजवीकडं घेतली आणि त्याच वेळी मागून त्या बाजूनं पुढं निघालेली, दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल जीपला धडकून आडवी झाली. वरवे बुद्रुकचा ज्ञानू होता. पाय गाडीखाली, रस्ताभर दूध. कुंडलिक उतरला तो त्याच्या गळपट्टीलाच जाऊन भिडला. हॉर्न न देता मदी घुसतोस? ज्ञानू कळवळत म्हणत होता, दिला व्हता, आण्णा, दिला व्हता. पण जमलेल्या लोकांनी कुंडलिकचं तेहतीस वर्षांचं नाव ऐकलं होतं. दूधवाले कसे पळवतात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. चार जणांनी मिळून ज्ञानूला, पाय तसाच लोंबत असताना, "चुकलं" म्हणायला लावलं होतं. आणि कुंडलिक घरी येऊन फुलाबाईला म्हणाला होता, पोलिसात गेलो न्हाई, सोडून दिलं त्याला.

तो रस्त्याच्या कडेला सरकला. मग परत आला. गाडीच्या किल्लीचा चपटा ठोकळा त्यानं खिशातून काढून प्रेरणाच्या हातात ठेवला.

"तू चालव."

"घरी जाऊ."

"घरी न्हाई. वरव्याला घे."

"वरव्याला? कुणाकडं?"

"घे म्हनतो न्हवं!"

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. इंद्रजित मागच्या सीटवर जाऊन बसला. त्याला एकपर्यंत गाडी पुण्याला न्यायची होती आणि वरवे वाटेवरच होतं. घाट उतरून, भोर ओलांडून, भाटघरावरून गाडी कापूरहोळकडं निघाली. त्या वळणाशी कुंडलिकनं मान फिरवली नाही. प्रेरणा मात्र प्रत्येक वळणाला हॉर्न देत होती. तिचा अंगठा दाबला जाताना त्याला दिसत होता.

वरव्यात शिरताना तो म्हणाला, "तुमी दोगं पुडं जावा. म्या यष्टीनं यीन."

"मी थांबते," प्रेरणा म्हणाली. त्याच्याकडं तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. त्याला तिचा राग आला आणि ती काय म्हणाली ते कळलंही.

ज्ञानूचं घर रस्त्याला लागूनच होतं. दोघं उतरली आणि इंद्रजित गाडी घेऊन पुण्याकडं गेला. ओट्यावर दुधाचे दोन कॅन पालथे घातले होते, एकाचं पोट चेपलेलं. त्याची बायको रतनबाई शेणाचे हात घेऊन गोठ्यातून बाहेर आली आणि कुंडलिकला बघताच मध्येच उभी राहिली.

"आता काय ऱ्हायलंय?" तिचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला. "चुकलं म्हनवून घेतलंत, आता पाया पडून घ्यायला आलाय का? दोन म्हयने त्यांचं पाऊल भुईला लागायचं न्हाई. दूध म्या डोक्यावर न्हेती, ठावं हाय का तुमास्नी?"

"ठावं न्हवतं," कुंडलिक म्हणाला. "ज्ञानूशी बोलायचंय."

"बोला की. तुमीच बोलायचं, आमी ऐकायचं."

ती बाजूला झाली नाही. तो तिच्या शेजारून, भिंतीला घासून आत गेला. प्रेरणा उंबऱ्याशी थांबली.

आत अंधार होता. ज्ञानू खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टर. पावलांची चाहूल लागताच त्यानं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडं केली. मग काहीतरी बोलला. एक वाक्य, लांबलचक. कुंडलिकला त्यातला एक शब्दही कळला नाही.

एरवी तो म्हणाला असता, नीट बोल की, पुटपुटतोस काय. शब्द सवयीनं ओठांपर्यंत आलेही. त्यानं खाटेचा दांडा धरला आणि खाली जमिनीवर बसला, ज्ञानूच्या उशाशी.

"इकडं तोंड करून बोल, ज्ञानू," तो म्हणाला. "मोठ्यानं बोल. मला ऐकू येत न्हाई."

ज्ञानूनं मान फिरवली. मग कोपरावर अंग उचललं.

"म्हनलं," तो ओरडला, एवढा की दारातली रतनबाई दचकली, "तीनदा दिला व्हता हॉर्न!"

"व्हय," कुंडलिक म्हणाला. "दिलाच आसशील."