घर तीन तास मागे

घोडीचं कागदोपत्री नाव भलतंच भारदस्त होतं, पण तिची देखभाल करणारा मोतद्दार तिला ठमी म्हणायचा. जन्मतःच आई गेलेलं ते शिंगरू त्याने आणि बायकोने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता मालकाने तिला समुद्रापलीकडच्या शहरात शर्यतींसाठी विकलं होतं. मालवाहू विमानाने सात तासांचा प्रवास. सोबत मोतद्दार आणि जनावरांच्या एक तरुण डॉक्टरीणबाई.

तीन तास ठमी आपल्या लाकडी पेटीत शहाण्यासारखी गवत चघळत उभी होती. मग विमानाला जोराचा हिसका बसला आणि तिचं डोकंच फिरलं. ती लाथा झाडायला लागली. पेटीची फळी तडकली. उधळायच्या नादात तिचा पुढचा पाय आडव्या दांड्यावर चढून अडकला, आणि मग तर ती आवरेचना.

बाईंनी मानेत गुंगीचं इंजेक्शन दिलं. मग दुसरं. ढिम्म फरक नाही.

सहवैमानिक धावत मागे आला. "पेटी फुटली तर ती विमानाच्या भिंतीवर लाथा घालेल. मग आपण कोणीच राहणार नाही."

"मग उतरवा ना साहेब कुठेतरी!" मोतद्दार हात जोडून म्हणाला.

"कुठे उतरवू? खाली नुसतं पाणी आहे. सगळ्यात जवळची धावपट्टी दीड तासावर."

"दीड तास ना? मी धरतो तिला."

कोणी अडवायच्या आत तो पेटीत शिरला. सदरा काढून त्याने तिचे डोळे झाकले, गळ्याला मिठी मारली. "ठमे, माझे बाई, ऐक गं माझं." ती क्षणभर थबकली. त्याने खूर सोडवायला हात घातला, तेवढ्यात तिने सगळं अंग त्याच्यावर टाकलं. काहीतरी कडकन मोडलं. त्याचा हात, आणि तिचा पाय.

बाईंनी त्याला बाहेर ओढलं. पाय पाहिला आणि मान खाली घातली. "दादा, असा पाय मोडलेलं घोडं जगत नाही. आता काही करता येणार नाही."

"का नाही? माझा हात बांधाल ना? तसाच तिचा पाय बांधा!"

बाई रडत रडत शेवटचं इंजेक्शन भरू लागल्या. पेटीतून पुन्हा लाथांचा आवाज सुरू झाला.

शेवटी तोच उठला. "डोकं मी धरतो," म्हणाला. "परक्याचा हात नको तिला."

ठमी कायमची शांत झाली, तेव्हा सहवैमानिकाने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब," मोतद्दार म्हणाला, "पुढे किती राहिलं?"

"चार तास."

"आणि घर तीन तास मागे. म्हणजे घरच जवळ. मग फिरवा ना विमान! तिला आमच्या परसात पुरतो. तिकडे तिचं कोण आहे?"

"दादा, बाकीचा माल पुढे पोचवायचाय."

"मी पाया पडतो तुमच्या."

सहवैमानिक वळून पुढे निघून गेला. बाईंनी मोतद्दाराचा हात फळीच्या तुकड्याला बांधला. तो पेटीत जाऊन ठमीच्या पोटाला पाठ टेकून बसला. ते अजून उबदार होतं. विमान सरळ पुढे चाललं होतं.