बुचावरची गाठ

ट्रकच्या तेलात कुणीतरी लोखंडाचा चुरा टाकतंय, याबद्दल हिरामणच्या मनात तिळभर शंका उरली नव्हती. बूच काढून त्याने तेलात बोट बुडवलं आणि उन्हात धरलं. मासळीची खवलं लागावीत तसं बोट चमकलं.

ही १९७८ सालची गोष्ट. शिरवण्याच्या खाडीकाठी नव्या शहरासाठी भराव चालला होता. हिरामणचं मिठागर त्याच भरावाखाली गेलं आणि माती वाहणाऱ्या ठेकेदाराकडे तो ड्रायव्हर लागला. ट्रक फौजेच्या लिलावातला होता. दांडा ओढला की त्याच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळे. बाकीचे ट्रक चिखलात रुतत, हा मात्र घोरपडीसारखा चढून येई. पण हल्ली त्याचं बिनसलं होतं. इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी जी पेटी असते, ती दोनदा फुटली होती, आणि चुरा दिसला तोही तिच्याच तेलात. सुपरवायझर अरविंद साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा पेटी गेली, तर चावी माझ्या टेबलावर ठेवायची. मला टेन्शन नको."

हिरामणचा संशय सिताराम मिस्त्रीवर होता. त्याला कारणही होतं. सिताराम गणपतीला गावी गेला असताना ट्रकचा मागचा ॲक्सल बिघडला होता. तेव्हा हिरामणने दोन गडी घेऊन तीन दिवसांत गाडी उभी केली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मिस्त्रीची गरजच काय मग?" तेव्हापासूनच सितारामच्या पोटात दुखतंय, असं हिरामणने ठरवून टाकलं.

पुढचे नवे टायरही दोन महिन्यांत गुळगुळीत झाले होते. मिस्त्रीने नवे विकून जुने चढवले असणार. हिरामणने ऑफिसातल्या कागदाशी नंबर ताडून पाहिले, तर ते जुळले. तरी संशय गेला नाही. माणूस हुशार आहे, नंबरसुद्धा खोडून नवा घालेल, असं त्याला वाटलं.

मग त्याने युक्ती केली. पेटीतलं तेल बदललं आणि बायकोला, गोजराला यार्डात आणलं. जाळं विणणारी ती बाई. तिने बुचावर नायलॉनचा दोरा असा बांधला की कापल्याशिवाय सुटणार नाही, आणि कापला तर तशी गाठ दुसऱ्या कुणाला मारता येणार नाही.

"कोनाला पकरायचाय?" तिने विचारलं.

"गावल तवा सांगतो."

चार दिवस तो खेपा करत राहिला आणि सितारामच्या हातांकडे बघत राहिला. सिताराम ट्रकभोवती फिरे, खाली वाकून बघे आणि स्वतःशी "हूं" म्हणे. चौथ्या दिवशी दुपारी खाडीतून वर आल्यावर कडक मुरमाच्या रस्त्यावर दांडा अडकला. चारही चाकं जुंपलेलीच राहिली. ट्रक कण्हत कण्हत यार्डापर्यंत आला.

हिरामण उडी मारून खाली उतरला. गाठ जशीच्या तशी होती. त्याने ती कापली, बूच काढलं, बोट बुडवलं. बोट चमकलं.

तो चाकाला टेकून खालीच बसला. कुणी हात लावला नव्हता. मग चुरा आला कुठून?

"गाठ माझ्यासाठी होती ना?" सिताराम मागे उभा होता. "पहिल्याच दिवशी पाहिली मी. म्हटलं, कळेल याचं यालाच."

"मिस्त्री, मना वाटला..."

"मलाही वाटत होतं. तू रुबाब दाखवायला सडकेवर चारही चाकं जुंपून पळवतोस, असं. म्हणून खाली वाकून बघत होतो."

"मी? वर आलो का पयला दांडा कारतो!"

"मग तो निघत का नाही? चल, मोजू या."

सितारामने आधी मागची चाकं जॅकवर उचलली, तसा ताण सुटून अडकलेला दांडा निघाला. चाकावर आणि पेटीकडून ॲक्सलला येणाऱ्या शाफ्टवर खडूने रेघा मारल्या. मागची दोन्ही चाकं दोघांनी मिळून बरोबर एक फेरा फिरवली. शाफ्ट सव्वासहा वेळा फिरला. मग पुढची चाकं उचलून तसंच केलं. पुढचा शाफ्ट पावणेसात वेळा फिरला.

"चूक झाली. परत," हिरामण म्हणाला.

परत तेवढंच आलं. पेटी तर दोन्ही शाफ्ट सारखेच फिरवते, म्हणजे पुढची चाकं मागच्यांपेक्षा हळू फिरणार. हिरामण खडूच्या रेघेकडे बघत राहिला. मिठागरावर दोन माणसं एका बांबूला मिठाची टोपली लावून नेतात. एकाची टांग लांब, दुसऱ्याची आखूड असली, तर चिखलात पाय घसरतात आणि भागून जातं. कडक बांधावर मात्र ओढाताण होते आणि खांदे सोलवटतात. इथे खांदा म्हणजे ती पेटी होती; तिचेच दाते झिजून तेलात चुरा पडत होता. आणि मागच्या चाकांच्या रेट्याने फरफटत घासलेले पाय म्हणजे ते पुढचे टायर.

सितारामने मागच्या ॲक्सलवर पान्हा घासला. दसऱ्याला हिरामणने हौसेने मारलेला रुपेरी रंग निघाला. खालच्या पट्टीवरचा आकडा पुढच्या ॲक्सलच्या आकड्याशी जुळत नव्हता.

"हा ॲक्सल या गाडीचा नाही. तू तर म्हणालास, नुसतं बेरिंग बदललं."

हिरामणने मान खाली घातली. कोपऱ्यात लिलावातलाच दुसरा बंद ट्रक उभा होता. त्याचा मागचा ॲक्सल धडधाकट दिसला, बोल्टही बरोबर बसले, म्हणून हिरामणने तोच चढवला होता. मिस्त्री हसेल म्हणून त्याने ते लपवलं होतं.

तेवढ्यात अरविंद साहेब आले. "काय रे? गेली पेटी?"

 सितारामने हिरामणकडे पाहिलं. या घटकेला मिस्त्रीचं नाव घेतलं असतं, तर साहेबांना ते खरं वाटलं असतं. हिरामणने खिशातली चावी काढून पुढे धरली.

"सायेब, मिस्त्री गावाला व्हते तवा मागचा ॲक्सल मीच बदलला. त्या बंद गारीचा. जोरी जमली नाय. दोन पेट्या माझ्यामुलं गेल्या."

साहेबांनी चावी घेतली. 

"तिसरी अजून शाबूत आहे, साहेब," सिताराम म्हणाला. "त्या गाडीचा पुढचा ॲक्सलही इकडे बसवला की जोडी जमेल. याला दोन दिवस माझ्या हाताखाली द्या. एकदा मोडलंय, आता विसरणार नाही."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांनाही कसलातरी संशय आला असावा. "दोनच दिवस," ते म्हणाले, आणि चावी खिशात टाकून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सितारामने हिरामणच्या हातात खडू दिला. पुढे सव्वासहा, मागे सव्वासहा.

"जमला, मिस्त्री! आनू चावी?"

"परत मोज," सिताराम म्हणाला. "आणि या खेपेला संशय घ्यायचाच असेल, तर आधी स्वतःवर घे."