कांबळ्यांची सून

उचगावात खोली घेताना घरमालकीण बायडाबाईंना मी नवऱ्याचं नाव प्रकाश पाटील सांगितलं. खरं नाव प्रसेनजीत कांबळे. तो बौद्ध, मी कागलच्या शेतकऱ्याची पोर, आणि माझा भाऊ अमरसिंह आम्हाला शोधत होता. सापडलो तर दोघांना जिवंत सोडणार नाही, असं बोलून ठेवलेलं त्यानं. दाराशी गाडी थांबली तरी मी आतून कडी घालायचे.

मी घरीच बारावीच्या शिकवण्या घेत होते. त्या दिवशी दोन जुन्या कवितांमधल्या प्रेमाची तुलना होती. पहिलीतली बाई नदीकाठावरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं त्याचं नाव घेते. दुसरीतली एकदाही घेत नाही. कुणी विचारलंच, तर पाण्याला आलेय म्हणते.

"दुसरीचं प्रेम जास्त खोल," मी सांगितलं.

"कुठलं खोल, मॅडम? भित्री हाय ती," रूपाली म्हणाली. वर्गातली सगळ्यात हुशार पोर.

बायडाबाई बाजूला मेथी निवडत होत्या. "भित्री न्हाय गं, शानी हाय," त्या म्हणाल्या. पण मला झोंबलं ते रूपालीचंच.

संध्याकाळी बायडाबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. "मास्तरीणबाई, नाव घ्या की," बायकांनी धरून बसवलं. प्रकाश जिभेवर आला आणि माझीच मला किळस आली. जो माणूस जगात नाही त्याची बायको म्हणून किती दिवस मिरवायचं?

"रंकाळ्याच्या पाण्यावर उतरलं कोवळं ऊन, प्रसेनजीतरावांचं नाव घेते कांबळ्यांची सून."

कुणी हसलं नाही. मला मात्र फार हलकं वाटलं. शेजारणीबरोबर आलेली एक पाहुणी वाण तिथंच ठेवून बाहेर गेली.

बायडाबाईंनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"तुझा भाऊ परवा फोटो घिऊन आलता. अशी कोण न्हाय हितं म्हणून घालवला त्याला. तू भिशील म्हणून बोललो न्हाय. आत्ता उठून गेली ती बाई कागलची हाय. नवऱ्याला फोन कर, घरला येऊ नको म्हण."

मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

खिडकीतून अंगणातली पाहुणी दिसत होती. तिचा लागला होता.