ठिपक्यांचा दोकसू

ओकबुनने तो निवडुंग पुन्हा उचलून खिडकीशी धरला. वर लाल गोळा, त्यावर पिवळसर ठिपके, खाली तीन धारांचा हिरवा खुंट. गावातल्या पॉलीहाऊसांतून लाल, पिवळे, नारिंगी गोळे ट्रकने बाहेर जायचे, पण ठिपक्यांचा गोळा अख्ख्या कोरियात कुणाकडे असल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. तिच्या नवऱ्याने, दोकसूने, आयुष्यभर रोपांमध्ये असाच एखादा नवा रंग शोधला. बिचारा साधे लाल गोळे खुंटांवर बांधता बांधताच गेला. आणि तो गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, त्यानेच बांधलेल्या शेवटच्या कलमावर हे ठिपके उठले. ओकबुन तेव्हा पॉलीहाऊसमध्येच बसून रडली होती. नव्या जातीचं नाव तिने त्याच दिवशी ठरवलं, दोकसू. नोंदणीचा अर्ज आता भरून उशाशी पडला होता.

आज मात्र ठिपके खालीही दिसत होते. कलमाच्या सांध्याच्या खाली, हिरव्या खुंटावर.

तिने बाहीने खुंट पुसला. ठिपके काही गेले नाहीत. वरच्या गोळ्यात हिरवेपणाचा अंश नसतो, खुंटाने भरवलं तरच तो जगतो. पण त्याचा रंग कधी सांधा ओलांडून खाली उतरत नाही. सांधा ओलांडतो तो रोग. सासूने पहिल्याच दिवशी हातात सुरी देताना हे सांगितलं होतं, आणि रोग सुरीला लागलेल्या रसातून पसरतो हेही. हुरळून गेलेल्या ओकबुनने दोन्ही गोष्टी बरोबर विसरून दाखवल्या.

या गोळ्याला फुटलेली पिल्लं तिने चाळीस खुंटांवर बांधली होती. ती घाईघाईने मांडणीकडे गेली. निम्म्याहून जास्त खुंटांवर पिवळं उमटलेलं. शेजारच्या साध्या लाल गोळ्यांवरही. सुरी दोन्हीकडे एकच होती, दोकसूची, धार लावून लावून गवताच्या पातीएवढी झालेली. दर कापाला सुरी स्पिरिटमध्ये बुडवणाऱ्या बाईला गावात सगळ्या हसायच्या, डॉक्टरीणबाई आल्या म्हणायच्या. ओकबुनही हसायची.

तिला घाम फुटला तो त्यानंतर. ही सुरी तिच्या एकटीच्या घरात थोडीच राहिली होती? वसंतात गावच्या बाया सावडीने कलमं बांधायच्या, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, आणि जी ती आपली सुरी घेऊन जायची. गेले तीन वसंत ओकबुन दोकसूची सुरी मिरवत घरोघर फिरली होती. आजची सावड मालसुनकडे होती.

एकदा तिच्या मनात आलं, गप्प बसावं. रोग कुठून आला हे कोण शोधतंय? अर्ज पाठवावा, नाव लागेल. हा विचार सुचल्याची तिला लाज वाटली, तरी मालसुनच्या दारापर्यंत तो सोबत आला.

आत बाया मकगोल्लीचा, तांदळाच्या दारूचा, पहिला घोट घेऊन, खिदळत सुऱ्या पुसत होत्या. मालसुनने तिला हाताला धरून मागच्या मांडणीपाशी ओढत नेलं.

"ताई, हे बघ. कालपासून कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, आधी तुला."

लाल गोळ्यांची अख्खी रांग, आणि रांगभर पिवळे ठिपके.

"तुझ्या हाताचा गुण गं," मालसुन हसत होती. "नाहीतर दोकसूभावोजींचा आशीर्वाद म्हण. आता माझाही दोकसूच. चालेल ना?"

मालसुनने आनंदाने तिचा हात दाबला, तेव्हा तिला तो सहन झाला नाही.

"हात सोड, मालसुन. खाली खुंट बघ."

मालसुन वाकली, आणि एकेक खुंट बोटाने पुसून पाहू लागली.

"सगळ्याजणी सुऱ्या खाली ठेवा," ओकबुन मोठ्याने म्हणाली. "ही नवी जात नाही, रोग आहे. माझ्या घरचा, माझ्या सुरीने तुमच्याकडे आणलेला."

"म्हणजे ही रांग?" मालसुनने विचारलं.

"जाळायची. पण आधी माझी जाळू."

त्या दिवशीची सावड जाळण्याचीच झाली. ओकबुनच्या घरापासून सुरुवात करून बायांनी रोपं उपटली, जाळली. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत. मालसुन महिनाभर बोललीच नाही. अर्ज ओकबुनने त्याच आगीत टाकला.

पुढच्या वसंतात सावड पुन्हा भरली. प्रत्येकीपुढे स्पिरिटची वाटी होती, आणि डॉक्टरीणबाई म्हणून आता कुणी कुणाला चिडवत नव्हतं. मांडणीच्या टोकाला एकीला हिरव्या खुंटावर पिवळा ठिपका दिसला.

"थांबा गं," ती ओरडली, "इकडे दोकसू आलाय. सुऱ्या बुडवा."

रोगाचं तेच नाव सगळ्यांच्या तोंडी कधीचंच बसलं होतं. आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं, मग ओकबुनकडे बघून तिने जीभ चावली.

ओकबुनने मान खाली घातली, आणि नवऱ्याची सुरी वाटीत बुडवली.