एक असा, एक उलटा

दुसरा बीम क्रेनला लटकत तिसऱ्या मजल्याशी आला आणि मिस्त्रींच्या सुनेनं हात वर करून क्रेन थांबवली. जिन्याचा आडवा बीम ज्या प्लेटवर बसायचा, ती प्लेट आतल्या अंगाला नव्हतीच. बाहेर तोंड करून मोकळ्या हवेत बघत होती.

ड्रॉइंगवर ढळढळीत लिहिलेलं: एक असा, एक उलटा. म्हणजे आरशात दिसतो तसा. पण सूनबाईंचा हात एकदा चालायला लागला की थांबतोय कशाला! दोन्ही बीमवर सारख्याच खुणा मारून मोकळी. धाकट्या दिरानं त्या खुणांवर प्लेटा वेल्ड केल्या, वर रंगही चढला.

"वहिनी, टोकं बदलून लावू का?" दिरानं विचारलं.

"लावा की. जिना थेट भिंतीत घुसेल."

"घुसू दे. लोकांना सवय होईल."

"भाऊजी, गप बसा, नाहीतर हा पाना डोक्यात घालीन!"

सासरे खाली खांबांचे बोल्ट आवळून बघत होते. गेल्याच महिन्यात त्यांनी खुणा मारायचं काम या धाकट्या पोराकडून काढून सुनेला दिलेलं. "हिची नजर बारीक आहे," असं चारचौघांत सांगून. आता हे कळलं की काम गेलंच. तिचा पाय एका जागी ठरेना. कडेपर्यंत जाऊन तीनदा परत आली.

दीर हळूच म्हणाला, "ऐका. बीम बसवू, प्लेट कापू, आतून जोडू. वरून रंगाचा हात. बाबांच्या बापालाही कळणार नाही."

"तो तुमचा आजा."

"त्यालाही नाही कळणार."

तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच ती हो म्हणून बसली.

क्रेनचा पट्टा तसाच ठेवून दोन्ही टोकांना बोल्ट घातले. दिरानं कमरेचा पट्टा अडकवला, अर्धा बाहेर लोंबकळत प्लेट कापली, आतून जोडली. वारा ठिणग्या उडवत होता. क्रेनवाला खालून हॉर्नवर हॉर्न मारत होता.

तिनं हातोडी हाणली. वेल्डिंगवरची खपली उडाली. खाली नुसती बारीक भोकं, म्हणजे जोड कच्चाच.

"वाऱ्यानं झालं. परत मारतो."

परत मारलं. परत भोकं.

"रंगात बुजतील, वहिनी."

"या जिन्यावरून कपाट उचलून न्याल का तुम्ही?"

"मी लिफ्टनं जाईन."

तिचं टाळकंच सरकलं. दिरावर की स्वतःवर, देव जाणे. कडेला जाऊन ती ओरडली, "मामंजी! माझ्या खुणा चुकल्यात! दोन्ही बीम सारखेच झालेत. हा खाली घ्यावा लागेल!"

हॉर्न बंद झाला. सगळ्यांच्या माना वर.

सासऱ्यांनी पाना खिशात घातला, जिथे होते तिथूनच दिराकडे बोट करून म्हणाले, "उद्यापासून खुणा हा मारेल."

"आणि मी?"

"तू आधी बीम आवरायला दोर धर."

बोल्ट निघाले, बीम सुटला, वाऱ्यानं गर्रकन फिरला. ती दात-ओठ खात दोर ओढत राहिली.